प्रोसेसरचं वाढलेलं व्होल्टेज आणि आमचे बाबा

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि ताट उचलेपर्यंत विसरते. घाटातली बाई, विहिरीवरचा आवाज वगैरे... कोणी उतरवून टाकलेला नारळ दिसला तर मी म्हणायचे, चांगला आहे की, चटणी होईल. सासूबाई होत्या तोवर यावरून त्यांनी माझ्याशी अबोलासुद्धा धरला होता. म्हणजे मी कुठल्या गटातली हे लक्षात यावं. त्यातून माझं कामही कॉम्प्युटरवरचं. आकडा चुकला की ड्रॉइंग चुकतं, एवढंच मला माहीत. तरी लिहितेय, कारण गेलं वर्षभर आमच्याकडे जे झालं ते एकदा कोणाला तरी सलग सांगून टाकायचंय. घरात तुकड्या-तुकड्यांनी सांगून आता कंटाळा आलाय.

आम्ही बोईसरला सरावलीत राहतो. तळमजल्यावर वन बीएचके. मिस्टर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, शिफ्ट ड्युटी. मुलगी नाशिकला हॉस्टेलवर. मी घरून एका फॅब्रिकेशनवाल्यांची ड्रॉइंग करते — टाक्या, शिड्या, पाइपचे सपोर्ट. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझं टेबल आणि डेस्कटॉप, समोरच्या भिंतीला खिडकीखाली कॉट. ही कॉट मागच्या दिवाळीनंतर आली. सासऱ्यांसाठी.

सासरे म्हणजे आमचे बाबा, सातपाटीचे. सगळा जन्म बोटीवर गेलेला. थोरले दीर, म्हणजे दादा, तिथेच असतात, बोट आता तेच बघतात. बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सातपाटीहून दर वेळी डॉक्टरकडे आणणं-नेणं जमेना, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की बोईसरला हॉस्पिटलं जवळ आहेत, बाबा आमच्याकडे राहतील. सगळ्यांनी म्हणजे मी सोडून सगळ्यांनी. मी तेव्हा आत चहा करत होते.

वाचा गेली तरी एक शब्द राहिला होता — ‘हाय’. दुखतंय का बाबा? हाय. बरं वाटतंय का? हाय. भूक लागलीय? हाय. पोट भरलं? हाय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द उरतो, आणि तो म्हणताना आपण काय बोलतोय हे त्यांनाही नीट कळत असेल असं नाही. त्यामुळे त्यांना काय होतंय ते तोंडाकडे बघून ओळखायचं. आणि बाबांचं तोंड आधीपासूनच असं की त्यावर काही दिसायचं नाही.

सकाळी उठवायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, कूस बदलायची. मग टेबलाशी बसायचं. एक टाकी अर्धी होते न होते तोच परत उठायचं. मिस्टर घरी असले की करायचे, खोटं नाही बोलणार. पण शिफ्ट करून आलेल्या माणसाला किती सांगणार? तोही उभ्या उभ्या झोपतो.

उन्हाळा लागला आणि या सगळ्यात कॉम्प्युटरची भर पडली. मशीन नुसतं चालू असताना आतला पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागायचा आणि जरा काम सुरू केलं की मशीन बंद. न सेव्ह केलेलं सगळं गेलं. मी नरेशला फोन केला. नरेश राहतो उमरोळीला, रिपेअरिंगचं दुकान बोईसर पश्चिमेला. हा डेस्कटॉप त्यानेच पार्ट आणून जोडून दिलेला. चाळिशीचा माणूस, कमी बोलतो, आणि केलेलं काम नीट करतो.

त्याने एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं आणि मला एक आकडा दाखवला. प्रोसेसरचं व्होल्टेज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — घरातल्या लाइटचं व्होल्टेज वेगळं, हे वेगळं. हे मदरबोर्ड प्रोसेसरला देतो आणि ते अगदी थोडं असतं. मशीन नुसतं चालू असताना आमच्याकडे एक पॉइंट एकच्या आसपास असायला हवं. आणि समोर होता एक पॉइंट अठ्ठेचाळीस, तोही काहीही चालू नसताना. नरेश म्हणाला, असंच राहिलं तर प्रोसेसर जळायला वेळ लागणार नाही.

‘व्होल्टेज जास्त आहे’ एवढंच मिस्टरांनी फोनवर ऐकलं आणि कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला घरी पाठवलं. तो बिचारा सगळे प्लग तपासून, अर्थिंग बघून, सब ठीक है भाभी म्हणून गेला. म्हणजे लाइटचाही काही प्रश्न नव्हता.

नरेशने बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सगळ्या सेटिंग मूळच्या करून ठेवल्या, बायोस अपडेट केलं, बोर्डवरचं ते आपोआप स्पीड वाढवणारं फीचर बंद केलं. आकडा हलला नाही. उद्या एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, बदलून बघू म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना फिट आली. तोंडाला फेस, डोळे वर. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं. रक्तातलं सोडियम फार उतरलं होतं. ॲडमिट केलं.

बाबांना घरी आणल्यावर मी भीत भीत मशीन चालू केलं तर आकडा एक पॉइंट एक. गार. नरेशला सांगितलं की तुझ्या सेटिंगने काम झालं. तो म्हणाला, सेटिंग केली तवाच व्हायला पायजे होतं ना... पण झालं ते बरं झालं.

मग काही आठवडे बरे गेले. आणि एका दुपारी पुन्हा पंखा ओरडायला लागला.

या वेळी नरेश सगळं सामान घेऊनच आला. एसएमपीएस बदलला. प्रोसेसर गार ठेवणारी जुनी पेस्ट पुसून नवीन लावली. शेवटी बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज हाताने एक पॉइंट दोनला कायमचं बांधून टाकलं. म्हणजे मदरबोर्डला आता स्वतःहून काही ठरवताच येणार नाही, असं त्याने मला समजावलं. मशीन चालू झालं आणि आमच्या डोळ्यांदेखत आकडा एक पॉइंट अठ्ठेचाळीसवर गेला. सेटिंगमध्ये एक पॉइंट दोन, प्रत्यक्षात हे. सॉफ्टवेअर खोटं बोलत असेल म्हणून त्याने कॅबिनेट उघडंच ठेवून बोर्डवर मल्टीमीटरच्या सुया टेकवल्या. मीटरनेही तेच दाखवलं. नरेशने सुया काढल्या. मग म्हणाला, दुकानात घेऊन जातो, बोर्डच खराब असणार.

दुकानात ते दिवसभर व्यवस्थित चाललं. आकडा एक पॉइंट दोनला, जिथे बांधला होता तिथेच. आणि इकडे संध्याकाळी बाबांना थंडी वाजून ताप भरला. लघवीचं इन्फेक्शन, रक्तापर्यंत गेलेलं. परत हॉस्पिटल. नरेश कॅबिनेट परत द्यायला आला तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीने त्याला सांगितलं की म्हाताऱ्यांना ॲडमिट केलंय.

त्या वेळी बाबा बरेच दिवस आत होते. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलवर ऑफिसच्या सरांना समजावत होते की ड्रॉइंग दोन दिवसांत देते. सर चांगले आहेत, पण त्यांनाही पुढे उत्तर द्यायचं असतं. ते म्हणाले, तुम्हाला झेपत नसेल तर सांगा, मी दुसरं कोणी बघतो. मी म्हटलं, झेपतंय. त्या रात्री मी मिस्टरांना सांगितलं की बाबांना सातपाटीला दादांकडे पाठवू या. थोडे दिवस तरी. सकाळी ते म्हणाले, दादांशी बोलतो. पावसाळ्यात बोटी बंद होतात, तेव्हा दादा घरीच असतात, तेव्हा नेतील, असं ठरलं. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

मशीन परत आलं, चांगलं चाललं. आणि बाबांना न्यायच्या थोडे दिवस आधी एका सकाळी — बाबांना नाचणीची पेज भरवून मी टेबलाशी बसले होते — पंखा सुरू झाला. आकडा एक पॉइंट एकोणपन्नास. मला रडूच आलं. त्या दिवशी एक मोठं ड्रॉइंग द्यायचं होतं. नरेशला फोन लावला.

तो येतो म्हणेना. आधी दुकानात गर्दी आहे म्हणाला, मग बाइक बंद आहे म्हणाला. मी चिडून विचारलं की नक्की काय झालंय. तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, राग नका मानू. मी तुमच्याकडं आलो की बाबा आजारी पडतात. दोन्ही टायमाला तसंच झालं. माझा पाय चांगला नाय तुमच्या घराला.”

मला हसू आलं. एवढा मल्टीमीटर घेऊन फिरणारा माणूस आणि पायगुण म्हणतो. मी म्हटलं, अरे तू काय तुझ्या मनाने येतोस का? मशीन बिघडतं म्हणून मी बोलावते, म्हणून तू येतोस.

तेवढं बोलले आणि थांबले. म्हणजे आधी मशीन बिघडतं, मग बाबा.

मी फोन ठेवला आणि बाबांकडे बघितलं. उशीला टेकून बसले होते, डावा हात मांडीवर. तोंडावर नेहमीसारखंच काही नाही. मी जवळ जाऊन विचारलं, बाबा, काही होतंय का? हाय, म्हणाले. छातीत दुखतंय? हाय. की बरं आहे? हाय. अंग गार नव्हतं, ताप नव्हता, पेज सगळी संपवली होती. मी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. एक पॉइंट एकोणपन्नास. ड्रॉइंग अर्धं. सरांचा मेसेज आलेला.

त्या वेळी मी काय विचार केला ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच केला नाही. शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगितली आणि बाबांना घेऊन निघाले.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी विचारलं, काय तक्रार आहे? आता त्यांना काय सांगणार? माझ्या कॉम्प्युटरचं व्होल्टेज वाढलंय? मी म्हटलं, आज नेहमीसारखे वाटत नाहीत. त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबा नेहमीसारखेच दिसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी नाडी धरली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. मग ईसीजी काढला, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. हार्ट ब्लॉक होता. ठोके फार कमी झाले होते आणि आणखी कमी होत होते. बाबांना तसंच ॲम्ब्युलन्सने वापीला नेलं आणि पेसमेकर बसवला. निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “रात्रीपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. तुम्हाला कळलं कसं?”

मी म्हटलं, असंच.

ड्रॉइंग अर्थातच गेलं नाही. पण सरांनी दुसरं कोणी बघितलं नाही, चार दिवस थांबले.

बाबा घरी आले तेव्हा आकडा खाली आलेला होता. मी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते प्लांटवर रोज शंभर मीटर बघणारे. म्हणाले, योगायोग आहे, तीनदा झालं म्हणजे काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, नसू दे. पण दादा बाबांना न्यायला आले तेव्हा मीच म्हटलं, राहू देत इथेच. दादा आश्चर्याने बघत राहिले. पेसमेकरचं चेकिंग असतं वगैरे काहीतरी बोलले.

वाचणाऱ्यांना वाटेल की यानंतर मला मोठा आधार वाटला असेल. तसं काही नाही. उलट आणखी एक काम वाढलं. नरेशकडून मी तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात कायमचा दिसेल असा करून घेतला. मशीन दिवसरात्र चालू. भाजी आणायला गेले तरी जीव त्यात. लाइट गेली की यूपीएस किती वेळ टिकतो याची काळजी. बाबांची कूस बदलायची, आकडा बघायचा, भात लावायचा, आकडा बघायचा. घरात एकाऐवजी दोन पेशंट झाले. नरेश एकदा म्हणाला की बोर्ड वॉरंटीत आहे, बदलून आणतो. मी नको म्हटलं. ऑफिसवाले नवीन मशीन देत होते, तेही नको म्हटलं. आणि मिस्टर... शिफ्टवरून आले की बूट काढायच्या आधी त्यांची नजर स्क्रीनच्या कोपऱ्याकडे जायची.

मध्ये एकदा आकडा थोडा चढला. नेऊन दाखवलं, सोडियम परत उतरायला लागलं होतं. औषध बदललं, दोन दिवसांत ठीक. ॲडमिटसुद्धा करावं लागलं नाही.

पाऊस संपून ऊन पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी बाबा जेवले. दादांनी पाठवलेली कोलंबी होती, मी बारीक करून भातात कालवून भरवली. खाल्ली. मग झोपले. मी काम करत बसले. आकडा एक पॉइंट दोन, दिवसभर तिथेच, जरा म्हणून हलला नाही. चार वाजता चहा घेऊन गेले तर बाबा गेले होते. तोंडावर नेहमीसारखंच, काही नाही.

मी चहा खाली ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. एक पॉइंट दोन. मला बाबांसाठी रडू यायच्या आधी त्या मशीनचा राग आला. एवढे महिने मी त्याच्याकडे बघत बसले, आणि आज याला काही सांगावंसं वाटलं नाही? मी मेन स्विच बंद केला. मग मिस्टरांना फोन केला.

सातपाटीला नेलं. सगळं तिथेच झालं. परत आल्यावर एकदा मिस्टर आपणहून म्हणाले, “त्यांना त्रासच झाला नसेल. म्हणून नसेल दाखवलं.” योगायोग म्हणणारा माणूस.

त्यानंतर कॉट काढली, टेबल जागेवर राहिलं. मशीन पुन्हा चालू करावंच लागलं, काम होतं. आकडा नॉर्मल. मी मात्र अजून दमलेलीच होते. आता उचलायचं नव्हतं, भरवायचं नव्हतं, तरी झोपून उठलं की वाटायचं झोपलेच नाही. सगळे म्हणायचे, वर्षाचा शीण आहे, हळूहळू जाईल. मलाही तेच वाटायचं.

आणि एका सकाळी... पंखा ओरडायला लागला.

मी स्वयंपाकघरातून धावत आले. एक पॉइंट पन्नास. एवढा कधीच गेला नव्हता. खोलीत कोणी नव्हतं. मिस्टर फर्स्ट शिफ्टला होते, कंपनीत फोन लावून त्यांना गेटवरच्या फोनवर बोलावून घेतलं. ते ठीक होते, उगाच का बोलावलं म्हणून वैतागले. मुलीला फोन केला, ती कॉलेजात होती, ठीक. दादांना केला. दादा बोटीवर जायच्या तयारीत. आज जाऊ नका म्हटलं तर हसले, मला काय धाड भरलीय म्हणाले. जाऊबाई ठीक, पोरं ठीक. मी शेजारी जाऊन त्यांच्या म्हातारीलासुद्धा बघून आले. ती लसूण सोलत बसली होती.

शेवटी नरेशला फोन केला. ये म्हणायला नाही, नुसतं सांगायला. सांगताना माझा श्वास लागत होता. सगळ्यांना विचारून झालं, सगळे बरे आहेत, आता मी कोणाला घेऊन जाऊ, असं काहीतरी बोलत सुटले होते. त्याने विचारलं, आता घरात कोण कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही रे. मी एकटीच.

तो म्हणाला, “मग तुमी हाय ना, वहिनी.”

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

नरेशच दुकान बंद करून आला आणि मला घेऊन गेला. त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी ब्लड प्रेशर बघितलं, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, तुम्ही चालत आलात? इतकं प्रेशर होतं की त्यांनी मला तिथेच झोपवलं आणि संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही. म्हणाल्या, हे आजचं नाही, किती महिन्यांचं असेल कोण जाणे, कधी तपासलं होतंत? मी आठवून बघितलं. वर्षभरात मी त्या हॉस्पिटलात इतक्या वेळा गेले, पण स्वतःला दाखवायला एकदाही नाही.

मशीन अजून टेबलावर आहे. आकडा खाली आहे. नरेशने एका ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं, त्याने मदरबोर्ड खराब असेल म्हणून सांगितलं. असेल. पण मग दुकानात तो चांगला कसा चालतो, आणि हाताने बांधलेलं व्होल्टेज सुटतं कसं, हे त्यालाही सांगता आलं नाही. मला आता ते शोधायची ताकद नाही. मिस्टरांसमोर विषय काढला तर ते म्हणतात, विचार करू नकोस, गोळी घे.

घेते.